एकदांडी तीळ

"चपला तिकडं काढ व माय, इथं बट्ट्या वळू राहिलो आम्ही," आमच्या सरांच्या पत्नी सिंधूकाकू म्हणाल्या. हात कणकेनं भरलेले होते, म्हणून कोपरानंच त्यांनी मला जवळ ओढलं. "एवढ्या सकाळी कशी आलीस? एसटीनं?"

"हो. सर कुठं आहेत काकू?"

"तुझे सर? ते काय, तिथं. आज ते कुणाचे सर नाहीत."

देवळापुढच्या मांडवात टाळकरी उभे राहायला लागले होते. त्यांच्यात धोतर नेसलेले, कपाळाला बुक्का लावलेले, अनवाणी डॉ. मुरलीधर बऱ्हाटे टाळाची दोरी बोटाला गुंडाळत होते. आमच्या तेलबिया संशोधन केंद्राचे प्रमुख. केंद्रात त्यांच्या नुसत्या खोकण्यानं माणसं खुर्चीत सरळ बसायची. इथं एक म्हातारा त्यांना दटावत होता, "मुरल्या, पुढं सरक, मागं पोरं दबू राहिली." आणि सर सरकत होते.

नांदखेड्याच्या सप्ताहाचा तो शेवटचा दिवस, काल्याचा. दुसऱ्या दिवशी केंद्रात सरांचा निरोप समारंभ होता. आणि मी जे सांगायला आले होते ते समारंभाच्या आत सांगणं भाग होतं.

गोष्ट तिळाच्या एका झाडाची होती. नेहमीचा तीळ बुडापासून फुटतो, चार-सहा फांद्या काढून पसरतो. सरांनी वीस वर्षांपूर्वी गामा किरण मारलेल्या बियाण्यातून एक झाड हेरलं होतं. ते काठीसारखं सरळ वर गेलं, एकही फांदी नाही. सरांनी त्याचं नाव ठेवलं एकदांडी. दाट पेरता येईल, एकरी जास्त झाडं बसतील, असं त्यांचं गणित. झाडात खोडी होत्याच. उगवायला उशीर, वाढायला उशीर, पहिली पानं अरुंद आणि टोकदार. पण सर म्हणायचे, "ते बाजूला ठेव. फांद्या काढ असा हुकूम देणारं जे जनुक आहे, तेच ह्यात मोडलंय. ते सापडू दे, मग चांगल्या वाणात बसवू." ते जनुक शोधण्यासाठीच मी त्यांच्या हाताखाली पाच वर्षं तिळाच्या फुलांचे संकर करत होते. शेवटी नमुने बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत गेले. त्यांचं उत्तर आदल्या संध्याकाळी आलं, आणि सरांनी समारंभाच्या भाषणाचं नाव आधीच छापायला दिलं होतं. 'तिळाच्या फांदीचं जनुक.'

सापडलेलं जनुक फांदीचं नव्हतं. रायबोसोमच्या एका प्रथिनाचं होतं.

ह्यातलं ज्यांना ठाऊक नाही त्यांना एवढंच सांगते. झाड काय नि माणूस काय, अंगातल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं तयार करणारी लाखो यंत्रं असतात. त्या यंत्राला रायबोसोम म्हणतात. जनुकात जे लिहिलंय ते वाचून ही यंत्रं प्रथिन घडवतात. एकेक यंत्र ऐंशीच्या आसपास सुट्या भागांचं. त्यातला एक भाग बनवणारं जनुक एकदांडीत बिघडलेलं होतं. झाडं हुशार असतात, एकाच भागाची दोन-तीन जनुकं बाळगून असतात, म्हणून ते मेलं नव्हतं. दुसऱ्या जनुकावर कसंबसं निभावत होतं. म्हणजे हुकूम वगैरे काही नाही. कारखान्यातच माल कमी. हे कळल्यावर कोणीही जाणकार एकच म्हणणार होता, की अहो, हे झाड आजारी आहे, आजारी झाडाला फांद्या येत नाहीत, त्यात नवल काय?

समारंभाला विद्यापीठाची मोठी मंडळी येणार होती. सर त्यांच्यासमोर उभे राहून फांदीचं जनुक म्हणणार आणि ती माणसं एकमेकांकडे बघणार, हे मला रात्रभर दिसत होतं. फोन तीनदा उचलला आणि खाली ठेवला. असलं फोनवर सांगायचं नसतं. पहिली एसटी पकडली.

"गावभर सांगून झालंय तुझ्या सरांचं," काकू बट्टी वळता वळता म्हणाल्या. "दूधवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं. काल विश्वंभर महाराज उतरले आमच्याकडे, त्यांनाही बसवून सांगितलं. मी म्हटलं, अहो, त्यांना जेवू तरी द्या."

"काय म्हणाले महाराज?"

"ते काय म्हणतील. माउली, कीर्तनात घालतो म्हणाले."

मी उठून मांडवाकडे निघणार तोच सरांनी मला पाहिलं आणि टाळ सावरत तेच आले.

"प्रणिता, तू इथं? बेंगळुरूचं आलं?"

"आलं, सर."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मागं मृदंगावर थाप पडली, कोणीतरी हाक मारली.

"कीर्तन झालं की सांगते," मी म्हटलं.

"आलं ना? बास," असं म्हणून ते हसले आणि लहान मुलासारखे पळतच रांगेत जाऊन उभे राहिले. मी नीट बोललेच नव्हते आणि त्यांनी आनंद करून घेतला होता.

मी बायकांत जाऊन बसले. कीर्तन म्हटलं की मी सगळं विसरते, ही माझी लहानपणापासूनची गत. विणेकरी उभा राहिला, टाळकऱ्यांनी पहिली जोड दिली, की छातीत काहीतरी आपोआप सैल होतं. विश्वंभर महाराज आवाजाचे मोठे नव्हते, पण शब्द असा हळूच ठेवायचे की मागच्या ओळीतल्या म्हातारीलाही वाटावं, आपल्यालाच सांगतायत. देव सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र करतो तो प्रसंग त्यांनी घेतला. कोणाची भाकर शिळी, कोणाच्या ताकातल्या कण्या. "देवानं विचारलं का, की तुझी भाकर कालची का आजची? देव म्हणाला, आण इकडं." बायका हसल्या. मी पण हसले, आणि पुन्हा आठवलं, की आपण कशासाठी आलोय.

सरांच्या शेजारची एक जागा मोकळी होती.

"काशिनाथ आबा नाहीत," शेजारची बाई कुजबुजली. "नातू झाला. भुसावळला गेले."

संथ चालीत काही जाणवत नव्हतं. चरण चालले होते, टाळ वाजत होते, एक माणूस कमी आहे हे कोणाच्या ध्यानातही नव्हतं. मग महाराजांनी गजर उचलला. लय चढली, दुप्पट झाली, टाळकरी पावलं टाकायला लागले आणि तिथं मात्र ती जागा ऐकू यायला लागली. ठोका पडायचा तिथं पोकळ पडत होता. सर दोघांचं वाजवायला बघत होते, घामानं थबथबले होते, पण मृदंग पुढं निघून जात होता. महाराजांनी हातानं खूण केली, लय उतरवली आणि खाली येताच सगळं पुन्हा जुळलं.

मी ताठ बसले. संथ चालीत ज्याची उणीव कळत नाही, ती चढत्या लयीतच का कळावी? टाळ तर दोन्हीकडे सारखेच लागतात. मी मनातल्या मनात ते उलटसुलट करून पाहत होते, तेवढ्यात महाराजांचा आवाज आला.

"आणि ह्याच गावाची एक माउली इथं टाळ घेऊन उभी आहे. वीस वर्षं एका तिळाच्या मागं लागून त्यांनी त्याचं गुपित काढलं."

सगळा मांडव वळून सरांकडे बघायला लागला. सरांनी टाळासकट हात जोडले. त्यांचे डोळे भरले होते. मी सतरंजीची दशी ओढत बसले.

दहीहंडी फुटली, काला वाटून झाला. पंगत बसायला वेळ होता. सर लाह्यांचा द्रोण घेऊन आले आणि आम्ही देवळामागच्या विहिरीच्या कट्ट्यावर बसलो.

"सांग. कुठल्या गुणसूत्रावर?"

"सर, ते रायबोसोमचं प्रथिन आहे."

द्रोण त्यांच्या हातातच राहिला.

"नमुना बदलला असेल."

"दोनदा केलंय त्यांनी. आपल्या सगळ्या संकरांत तेच येतं. जिथं एकदांडी, तिथं ते बिघडलेलं. जिथं फांद्या, तिथं धड."

त्यांनी द्रोण कट्ट्यावर ठेवला. विहिरीत पारवे घुमत होते.

"म्हणजे आजारी झाड," शेवटी ते म्हणाले. "मी वीस वर्षं एका आजारी झाडाला वाण वाण म्हणत फिरलो. आणि आज गावानं हात जोडले."

"आजारी आहे हे खरं, सर. पण आजारी झाड सगळीकडेच आजारी दिसायला पाहिजे. हे फुलतं, बोंडं धरतं, बी देतं. हळू, पण देतं. मग फांदीच तेवढी का अडते?"

"अशक्तपणा."

"सर, आज काशिनाथ आबा नव्हते."

"त्यांचं काय इथं?"

"संथ चालीत कळलं का तुम्हाला?"

त्यांनी भुवया आवळून माझ्याकडे पाहिलं. "नाही. गजरात कळलं. हात भरून आले माझे."

"फांदी फुटताना झाडाला गजरच करावा लागत असेल. पानाच्या बगलेत फांदीचा एवढासा डोळा निजलेला असतो. तो उठायचा म्हटलं की थोड्या वेळात भरमसाट प्रथिन लागतं. खोड एका चालीनं वाढतं, तिथं निभतं. डोळा उठायच्या वेळी यंत्रं कमी पडतात, मग तो उठतच नाही. म्हणजे हुकूम मोडलेला नाही, सर. हुकूम पाळणारे हात कमी आहेत."

सर हसले. पण ते हसू मला बरं वाटलं नाही.

"गोड बोललीस. तुझ्या आईनं तुला कीर्तनाला नेलं ते वाया नाही गेलं. पण उपमा म्हणजे पुरावा नव्हे, पोरी. उद्या कोणी विचारलं, तर काय सांगू, आमच्या गावचा टाळकरी भुसावळला गेला होता?"

मी द्रोणातल्या लाह्या चिवडत राहिले.

"आणि एक आहे," ते म्हणाले. "डोळे निजलेले असते, तर शेंडा खुडल्यावर उठले असते. शेंडा गेला की खालचे डोळे उठतात, हे माळ्यालासुद्धा ठाऊक असतं. मी पहिल्याच वर्षी खुडून पाहिलंय. शेजारी साधा तीळ होता, त्याचेही खुडले. साध्याला आठवड्यात फूट आली. ह्याला काही नाही. म्हणून तर मी म्हणत आलो, की ह्याला डोळेच नाहीत."

"मग किती दिवस बघितलंत?"

"साध्याला आलीच होती ना फूट. मग उपटला प्लॉट, मागं हरभरा पेरायचा होता."

"म्हणजे साध्याला आली, त्या दिवशी ह्याचं बघणं संपलं?"

सरांनी मान वर केली. उगवायला उशीर, वाढायला उशीर, हे त्यांनी स्वतः शंभर वेळा सांगितलं होतं. आम्ही केंद्रात सगळे तसंच करायचो. साध्या झाडाच्या शेजारी दुसरं लावायचं आणि साध्याचं झालं की दोन्हीकडचं मोजून मोकळं व्हायचं. त्यात कोणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

"शेंडा मोडलेली झाडं आहेत कुठं आत्ता?" मी विचारलं.

"केंद्रात नाहीत." मग त्यांचा चेहरा बदलला. "परसात आहेत. म्हणजे, असतील."

केंद्रातलं बी दगावलं तर असावं म्हणून ते दरवर्षी घरामागं एक ओळ एकदांडीची नि एक साध्याची लावत, हे मला ठाऊक होतं. पुढचं त्यांनी चालता चालता सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी, सप्ताहाच्या तयारीत मांडववाल्या रघूनं बांबूंनी भरलेली ट्रॉली परसातून मागं घेतली होती आणि दोन्ही ओळींचे शेंडे मोडून टाकले होते.

"आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. साधा तीळ फुटला लगेच. हा ठोंब्यासारखा उभा होता. मला बघवेना. त्यानंतर मी परसात गेलोच नाही."

घराला वळसा घालून आम्ही मागं आलो. काकू आम्हाला शोधत तिथंच आल्या, पदराला हात पुसत.

"पंगत बसली, अन् तुम्ही इकडं कुठं? अगं, ह्यांना काही झालं का? तोंड बघ."

"काही नाही झालं," सर म्हणाले. "माझं जनुक चुकलं."

"चुकलं म्हणजे? हरवलं?"

"सापडलं. दुसरंच निघालं."

काकूंनी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. महाराजांचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी सरांच्या खांद्यावर चिकटलेली लाही काढून टाकली.

साधा तीळ कमरेएवढा, झुडपासारखा पसरला होता. त्याच्या पलीकडे गवतात एकदांडीची ओळ होती, मोडक्या शेंड्यांची, टोकं सुकून तपकिरी पडलेली. लांबून नुसत्या काठ्या. सर चार पावलं अलीकडेच थांबले.

"तू बघ," ते म्हणाले.

मी गवत बाजूला करून बसले. पहिल्या झाडाचं सगळ्यात खालचं पान अलगद वाकवलं. मला काही दिसलं नाही. चष्मा काढून पुसला. मनातल्या मनात पांडुरंगाचं नाव घेतलं, खोटं कशाला सांगू. त्याच्या वरचं पान वाकवलं.

बगलेत मुगाच्या दाण्याएवढी फूट होती. दोन टोकदार पानं, हात जोडल्यासारखी मिटलेली.

"सर."

ते आले, धोतराचा सोगा सावरत मातीत गुडघ्यावर बसले. मी पान धरून ठेवलं. त्यांनी वाकून पाहिलं, मग दुसरं झाड, मग तिसरं. एका झाडावर तर दोन्ही बाजूंना काडीएवढ्या फांद्या झाल्या होत्या. ते प्रत्येक झाडाशी थांबत होते, पान वाकवत होते, सोडत होते. ओळीच्या शेवटी गेल्यावर ते तसेच बसून राहिले, आमच्याकडे पाठ करून.

"होते," ते म्हणाले. "सगळे होते गं. मीच थांबलो नाही."

काकू त्यांच्याजवळ गेल्या आणि खाली बसल्या. "आता रडू नका. पंगतीला लोक विचारतील," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच पदर डोळ्याला लावला.

जेवताना सर वरणात बट्टी कुस्करत राहिले, खाल्ली थोडीच. मग अचानक मला म्हणाले, "उद्या तू बोल."

"सर, तुमचा समारंभ आहे."

"माझं चुकलं ते मी सांगतो. ते माझं आहे, दुसऱ्या कोणी सांगू नये. त्याच्या पुढचं तू सांग. टाळकऱ्यासकट सांग."

"पुरावा नव्हे म्हणालात."

"तो नव्हेच. पण प्रश्न बरोबर विचारलास. परसातली एक ओळ हाही काही पुरावा नाही, तेही सांग."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. सर उभे राहिले, लिहून ठेवलेलं भाषण त्यांनी आणलंच नव्हतं. "मी वीस वर्षं तुम्हा सगळ्यांना एक गोष्ट सांगत आलो, ती चुकीची होती," अशी त्यांनी सुरुवात केली. कुठं चुकलं, कसं चुकलं, साध्या झाडाचं झालं की दुसऱ्याकडे बघणं कसं सोडून दिलं, ते त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि मला पुढं बोलावून ते पहिल्या रांगेत काकूंशेजारी जाऊन बसले. मी बोलले. टाळकऱ्यासकट बोलले.

शेवटी विद्यापीठातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञांनी सरांना विचारलं. आवाजात टोमणा होता की कळकळ, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. "म्हणजे बऱ्हाटे, वीस वर्षं फुकट गेली म्हणायची?"

सर बसल्या जागेवरून म्हणाले, "फुकट कशी? हे झाड वीस वर्षं मला एकच सांगत होतं, जरा थांब. मला ते रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी ऐकू आलं. उशिरा ऐकू आलं म्हणजे नाही आलं असं नाही."

मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

त्या मोडक्या ओळीपासून जे काम निघालं, ते पुरं व्हायला कितीतरी वर्षं गेली. निजलेल्या डोळ्याला नेमकं काय कमी पडतं, त्यातलं निम्मं आम्हाला कळलंय, निम्मं अजून कळायचंय. पण मला विचाराल, तर मला समारंभानंतरची सकाळ जास्त आठवते.

मी केंद्रात पोचले तेव्हा फाटकावरचा आनंदा अवघडून उभा होता. "मॅडम, सर आलेत," तो म्हणाला. "पाहुणे म्हणून नाव लिहू का तसंच सोडू, मला काही सुचेना. सोडलं."

कुंड्यांच्या जाळीघराबाहेर सर एका उलट्या घमेल्यावर बसले होते. जुना सदरा, पायात गावाकडच्या वहाणा, शेजारी काकूंनी दिलेला डबा. घराच्या परसातली तीन एकदांडी झाडं त्यांनी मुळांभोवतीच्या मातीसकट उचलून कुंड्यांत आणली होती. मला पाहून ते उठून उभे राहिले. मला पाहून ते कधी उठले नव्हते.

"मॅडम," ते म्हणाले, "ह्यांना पाणी घालायला कोणी नेमलंय का? नसेल तर मी आहे. मला आता कसलीच घाई नाही."

मी जाळीचं दार उघडून धरलं.